निळीचा चुना

शनिवार, ३० ऑक्टोबर १९६५. सकाळी धुकं, नंतर ऊन. वारा दलदलीकडून. कॉफी संपत आली आहे. दुपारी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन एकटीच दफनभूमीत गेले. क्लेबेरकडचं कुणी नव्हतं. आपल्या थडग्याच्या संगमरवरी पाटीवर युलिसचं नाव लिहिलं आहे. जन्मसाल आणि पुढे रेघ. रेघेपुढे काही नाही. बादली न उघडता परत आले. डेप्युटीला सांगितलं. बदकाचा गम्बो केला होता. कुणी जेवलं नाही.

ओदाली मार्कांतेलने त्या संध्याकाळी वहीत एवढंच लिहिलं. नन्सच्या शाळेत लागलेली शिस्त होती: आधी हवा, मग घर, मग माणसं. स्वतःच्या मनाचं काय ते पाद्र्यापुढे गुडघे टेकून सांगावं, वहीत नको. म्हणून पाटी वाचल्यावर शेजारच्या थडग्याला धरून ती कशी उभी राहिली आणि घरी येताना मागून येणारी प्रत्येक मोटार आपल्यासाठीच हळू होते आहे असं कसं वाटत राहिलं, यातलं काही वहीत नाही.

पाटीवर ज्याचं नाव होतं तो तिचा नवरा तेव्हा चांगला जिवंत होता. सत्तावन्न वर्षांचा होता आणि स्वयंपाकघरात बसून चष्म्याच्या काचा पुसत होता. लुइझियानाच्या दक्षिणेला, भातशेतं आणि दलदल यांच्या मधोमध वसलेल्या सँत-ओदील गावात तो केंद्र सरकारच्या कोर्टाचा जज्ज होता.

हा जज्ज राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि नेमणूक मरेपर्यंतची असते. मतं मागायला नकोत, बदली नाही, निवृत्तीचं वय नाही. नेमणूक झाली तेव्हा घरात या गोष्टीचं मोठं कौतुक झालं होतं. युलिसचा थोरला भाऊ क्लेबेर भरलेला ग्लास उंच करून म्हणाला होता, "बारक्या, आता तुला देवच काढेल." सगळे पोट धरून हसले होते, ओदालीसुद्धा. आता ते वाक्य आठवलं की ती उठून दाराची कडी तपासून येई. कारण ज्यांना युलिस त्या खुर्चीवर नको होता, त्यांनाही हा नियम पाठ होता.

युलिस शेतकऱ्याच्या घरात वाढला. घरात सगळे फ्रेंच बोलत, आणि शाळेत फ्रेंच शब्द तोंडातून निघाला की मास्तरीण मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावी. पहिलं वर्ष तो बहुतेक गुडघ्यांवरच शिकला. क्लेबेरने ते फार दिवस सोसलं नाही. तो शाळा सोडून खेचरांमागे गेला. मग बाप वारला. थोरल्याने नांगरायचं आणि धाकट्याने शिकायचं असं कुणी बसून ठरवलं नाही, ते तसं होत गेलं. युलिस कायदा शिकायला न्यू ऑर्लिन्सला निघाला तेव्हा क्लेबेर शेतातून थेट स्टेशनवर आला, पायाचा चिखलही न धुता, आणि गाडी हलेपर्यंत पाऊसपाण्यावर बोलत राहिला.

ओदाली गावातल्या औषधांच्या दुकानदाराची मुलगी. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने पहिल्याच वर्षी तिला थडग्याला चुना लावायला शिकवलं. त्या भागात जमीन खणली की पाणी लागतं, म्हणून मेलेली माणसं जमिनीवर विटांची खोली बांधून तीत ठेवतात. एका घराण्याची एकच खोली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या सणाला, पाद्री येऊन एकेका थडग्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि प्रत्येक घर आपापल्या थडग्यापाशी उभं असतं. जो उभा नाही तो कुठे आहे, हे गाव वर्षभर विचारतं. त्याआधी थडगी पांढरी करायची. सासू चुन्यात कपड्यांची नीळ टाकी, चिमूटभर. इतर बायका हसत. सासू म्हणे, "नुसता चुना म्हातारीच्या दातांसारखा दिसतो." पुढे त्या थडग्याच्या पायथ्याशी एक छोटं थडगं आलं, ओदालीच्या मुलीचं, ओरोरचं, जी एक दिवसच जगली. त्यालाही दरवर्षी तोच निळीचा चुना लागे.

जज्ज झाल्यावर युलिसपुढे तेलविहिरींवर हात गमावलेले कामगार आले, एकमेकींवर आदळलेल्या बोटी आल्या, टपालातले चोर आले, गावठी दारू गाळणारे आले. आणि बदकं आली. माणसाने दिवसाला किती बदकं मारावीत हा कायदा केंद्राचा, आणि तो पाळणारा माणूस त्या भागात अजून जन्मायचा होता. क्लेबेरच्या शिकारीतल्या जोडीदाराला युलिसने सुरुवातीलाच दंड केला. त्या नाताळात क्लेबेरने त्याच्या ताटात भाजलेलं बदक वाढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मोजून घ्या, जज्जसाहेब."

कोर्टात युलिसची एक खोड होती. दोन्ही वकील साक्षीदाराला पिळून बाजूला झाले की तो चष्मा काढी आणि सावकाश एकच प्रश्न विचारी. साक्षीदार शेतकरी असेल तर फ्रेंचमध्ये.

"आणखी काय दिसलं?"

वकील मनातल्या मनात चरफडत. युलिस घरी म्हणे, विचारलेलं सांगायला माणूस तयारी करून येतो. न विचारलेलं तो सांगायला विसरलेला असतो, आणि खटला बहुतेक वेळा तिथेच असतो.

मग गिलोरीचा दावा आला. लेओपोल गिलोरी हा गावातला काळा न्हावी. त्याच चर्चमध्ये यायचा, शेवटच्या बाकांवर बसायचा, कारण काळ्यांची जागा तिथे. त्याची मुलगी हुशार होती आणि तिला गावातल्या हायस्कुलात जायचं होतं. ती शाळा गोऱ्यांची. गिलोरीने शाळामंडळावर दावा लावला आणि वसंतात युलिसने त्याच्या बाजूने निकाल दिला. मंडळाने मुदत मागितली, मग आणखी मुदत. अखेरचा हुकूम मंगळवारी, सणाच्या दुसऱ्या दिवशी व्हायचा होता: सगळ्या इयत्ता, एकदम, पुढच्या सत्रापासून.

त्या वसंतापासून घराचं रूप पालटलं. फोन वाजे आणि उचलला की पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेई. कधी बोले, तेव्हा श्वास बरा वाटे. एका संध्याकाळी बैठकीच्या खिडकीतून गोळी आली आणि भिंतीतल्या लाकडात रुतली. तेव्हापासून त्यांनी पलंग मधल्या बोळात हलवला, कारण बोळाला खिडकी नव्हती. सरकारने उत्तरेकडचा एक डेप्युटी मार्शल पहाऱ्याला पाठवला, प्रुइट नावाचा, लांब हातांचा, बाप्टिस्ट, म्हणजे त्यांच्यासारखा कॅथलिक नव्हे. तो गम्बोच्या दाट रश्शात चमच्याने आधी शोध घेई आणि मगच खाई. चर्चमध्ये त्यांचा बाक रिकामा राहू लागला. त्यांच्या आधी कुणी येऊन बसलेलं असलं तरी उठून जाई. पत्ते खेळणाऱ्या बायकांनी ओदालीला बोलावणं सोडलं. खाटीक तिला सगळ्यांत शेवटी मटण देई.

क्लेबेर एकदाच आला. अंगणात उभा राहिला, डोक्यावरची हॅट काढली नाही. त्याची नातवंडं त्याच हायस्कुलात होती. तो म्हणाला की जगाला शहाणं करायचं असेल तर युलिसने ते दुसऱ्यांच्या पोरांवर करावं. क्लेबेर फाटक उघडं टाकून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. म्हणून त्या शनिवारी ओदाली बादली घेऊन एकटी गेली होती.

तिचं ऐकून प्रुइट मोटारीत बसून दफनभूमीत गेला आणि उलट पावली परत आला. नाव खरंच होतं. काळ्या पेन्सिलीने, ठळक. त्याने टोपी हातात फिरवत सांगितलं की सोमवारी साहेबांनी तिकडे जाऊ नये. एवढी गर्दी, एवढे दगड, प्रत्येक दगडामागे माणूस मावेल अशी जागा.

प्रुइट बाहेर गेल्यावर युलिसने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला.

"मला भीती वाटते, ओदाली," तो म्हणाला.

लग्नाला तीस वर्षं उलटून गेली होती, आणि हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. गोळी आली त्या दिवशीसुद्धा तो केरसुणी घेऊन काचा गोळा करत बसला होता.

"मग सोड," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दे हा खटला. जज्ज काय तू एकटाच आहेस?"

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला की मुख्य न्यायाधीश गावी गेले आहेत, सोमवारी संध्याकाळी परततील, तेव्हा त्यांना फोन करून खटला काढून घ्यायला सांगतो. वसंतापासून ओदाली हेच मागत होती. माळेच्या मण्यांवर, चुलीपुढे, बोळातल्या अंधारात. आता मिळालं तर तिला हायसं वाटलं, आणि त्याच्या तोंडाकडे मात्र बघवेना.

रविवारी ती दोघं प्रार्थनेला गेली नाहीत. बोळात पलंगाशी गुडघे टेकून त्यांनी माळ जपली. प्रुइट दाराशी उभा होता. त्याला हा प्रकार माहीत नव्हता, पण टोपी काढावी एवढं कळलं. मध्येच फोन वाजला आणि वाजून वाजून थांबला. ओदालीचे ओठ चालत होते, पण मन त्या रेघेपुढे जाऊन थांबत होतं. रेघेपुढची जागा किती रुंद होती? चार आकडे सहज बसतील एवढी.

सोमवारी सकाळी प्रुइटला वर पाठवायचा अहवाल लिहायचा होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि ओदालीला एकेक विचारत गेला. बाई, किती वाजता गेलात. कुणी दिसलं का. काय लिहिलं होतं, कुठे, कशाने. ती सांगत गेली. युलिस कॉफीचा पेला घेऊन बोळाच्या तोंडाशी उभा होता. आज त्याने दाढी केली नव्हती. प्रुइटने कागद उलटा केला आणि पेन्सिल खाली ठेवली, तेव्हा बोळातून आवाज आला.

"आणखी काय दिसलं?"

तो सवयीने बोलला होता. बोलून झाल्यावर त्यालाही कळलं.

"आणखी काय दिसणार," ओदाली म्हणाली. "नाव दिसलं. नाव दिसल्यावर माणसाला दुसरं काय दिसतं?"

"डोळे मिट. घाई नाही. बादली कुठे ठेवलीस?"

"खाली. गवतात."

"उघडली नाहीस."

"नाही."

"का?"

"घाबरले म्हणून," ती म्हणाली, पण तेवढ्यात थांबली. डोळे मिटलेलेच होते. थडगं पुढे उभं राहिलं, सगळंच्या सगळं. वरचा क्रूस. बाजूच्या भिंती. पायथ्याशी लेकीचं इवलंसं थडगं. "लावायला काही नव्हतं," ती हळूच म्हणाली. "चुना लावलेला होता. सगळीकडे. मागच्या बाजूलाही. ओरोरलाही लावला होता, युलिस. आणि नीळ होती त्यात."

प्रुइटने विचारलं, कसली नीळ? सासूबाईंची, ती म्हणाली, आमच्या घराबाहेर चुन्यात नीळ कुणी घालत नाही.

युलिस टेबलाशी आला आणि पेला ठेवला. त्याने प्रुइटला विचारलं की पाटीवरच्या अक्षरांना वरखाली रेघा आखलेल्या होत्या का. प्रुइटने आठवून सांगितलं, होत्या, पट्टीने आखलेल्या, बारीक. युलिस म्हणाला की जीव घ्यायला निघालेला माणूस पट्टी घेऊन जात नाही. दगड कोरणारा कारागीर घेऊन जातो, कोरायच्या आधी. हे आपण शनिवारीच विचारायला हवं होतं. मग तो दाढी करायला गेला.

"साहेब, चुना काहीही असो, तिथे गर्दी तीच असणार आहे," प्रुइट दाराबाहेरून म्हणाला. "माझं ऐका."

"ऐकलं," युलिस म्हणाला. "टोपी घ्या."

दफनभूमीत सगळं गाव होतं. ओदालीने युलिसचा दंड धरला होता. दोन्ही बाजूंनी पांढरी थडगी, पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या, आणि त्यांच्यापुढे माणसं. ती दोघं जवळ आली की बोलणं थांबे आणि पुढे गेली की पाठीमागे सुरू होई. हात खिशात घालून कुणी उभा दिसला की ती त्या खिशाकडे बघे. प्रुइट तिच्या मागे इतका जवळून चालत होता की त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. आपलं थडगं एरवी किती जवळ वाटायचं, असं तिच्या मनात आलं.

तिथे क्लेबेर उभा होता. एकटाच, पोरंसुना मागे दुसऱ्या ओळीत थांबली होती, पुढे आली नव्हती. नखांच्या कडांत चुना होता. त्याने प्रुइटला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हा कोण? तुला आता चालायला माणूस लागतो?"

"नाव तू घातलंस?" युलिसने विचारलं.

"मी कशाला. मला कुठे लिहिता येतं एवढं सरळ. दगडवाल्याला सांगितलं. सणाआधी आखून ठेव म्हटलं, सगळ्यांना दिसेल. कोरायचं नंतर."

"क्लेबेर," ओदाली म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "आम्ही दोन दिवस मरणाच्या भीतीने बोळात बसून काढले. तुम्हाला काही वाटतं का?"

क्लेबेर खरोखरच गोंधळला. "थडग्यावर नाव नाही घालायचं तर काय कोंबडी काढायची?" तो म्हणाला. मग प्रुइटकडे पाठ करून त्याने आवाज उतरवला. भातगिरणीवर चुलतभाऊ बोलत होते. म्हणत होते की युलिस मेला तर या थडग्याचं दार त्याच्यासाठी उघडायचं नाही; जावं त्याने आपल्या सरकारकडे, नाहीतर कुंपणाच्या तारेपलीकडे काळ्यांत. क्लेबेरने ऐकून घेतलं होतं. मग गिरणीवरून तो सरळ दगडवाल्याकडे गेला होता.

"दगडावर एकदा नाव चढलं की हलवायची कुणाची छाती नाही. तुझं इथे, आईच्या खाली. ओदालीची जागा त्याच्या खाली सोडली आहे."

युलिसने पाटीवर बोट ठेवलं, पण काही पुसलं जाईल म्हणून चटकन उचललं. "मग घरी ये. कॉफी घे."

"नाही," क्लेबेर म्हणाला. "तू केलंस ते वाईटच केलंस. तुझ्या टेबलाशी मी बसणार नाही, बारक्या. पण तू परक्यांत जाऊन निजायचं नाहीस. हे वेगळं आणि ते वेगळं."

पाद्री आला. पाणी शिंपडताना त्याचा हात युलिसपाशी क्षणभर अडखळला, आणि मग त्याने शिंपडलं. थेंब गार होते. ओदालीने मान वर केली तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे, जिथे काळ्यांची थडगी होती, तिथे लेओपोल गिलोरी बायको आणि मुलीसह उभा दिसला. त्याच्या दुकानाच्या काचा उन्हाळ्यात दोनदा फोडल्या होत्या आणि शेवटी त्याने फळ्या ठोकल्या होत्या. त्याच्यामागे कुणी प्रुइट नव्हता. तो युलिसकडे बघत नव्हता. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आजूबाजूच्या माणसांच्या हातांकडे बघत होता. ओदालीने ते बघणं ओळखलं. सकाळपासून ती तसंच बघत होती.

घरी आल्यावर युलिस फोनशेजारच्या खुर्चीत बसला. मुख्य न्यायाधीश परतले असतील अशी वेळ झाली. तो बसूनच राहिला. ओदाली दारात आली. शनिवारी मिळालेला शब्द अजून तिचाच होता. तिने नुसतं म्हटलं असतं, फोन कर, तर त्याने केला असता, हे दोघांनाही माहीत होतं. रस्त्यावरून एक मोटार गेली आणि दोघंही ती वळेपर्यंत थांबली.

"उद्या कुठला शर्ट?" तिने विचारलं. "कडक कॉलरचा इस्त्रीला काढते."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठला.

मंगळवारी त्याने हुकुमावर सही केली. भीती त्यामुळे कमी झाली असं नाही. फोन वर्षभर वाजत राहिले, पलंग आणखी तीन वर्षं बोळात राहिला, आणि प्रुइटनंतर दुसरा प्रुइट आला. पुढच्या सत्रात गिलोरीची मुलगी हायस्कुलाच्या पायऱ्या चढली, आणि क्लेबेरची नातवंडं त्याच वर्गात बसली, कारण शेतातली कामं सोडून त्यांना दुसऱ्या गावी पोचवायला कुणाला वेळ नव्हता. क्लेबेर टेबलाशी कधी बसला नाही. पण थंडीत मागच्या दाराला बदकं टांगलेली सापडत, कायद्याने जेवढी चालतात तेवढीच. युलिस पुढे चौदा वर्षं जज्ज राहिला आणि अंथरुणात, झोपेत गेला. कारागिराला रेघेपुढचे चार आकडे तेवढे कोरायचे होते. क्लेबेर त्याआधीच आईच्या बाजूला गेला होता. पाटीवर आता एकच जागा मोकळी आहे, ओदालीची, आणि तिथे रेघा आखलेल्या आहेत.

त्या सोमवारी संध्याकाळी ओदालीने इस्त्री उतरवली, दिवा लावला आणि वही उघडली. हवा लिहिली. दफनभूमीत गेलो, पाद्री आले, क्लेबेर भेटले, असं लिहिलं. मग त्याखाली लिहिलं:

चुना वापरला नाही. बादलीवर झाकण घालून कोठीत ठेवला. नीळ संपली आहे, आणायची.